भाडेकरूंचे अंगण

'आमचे काय, आम्ही भाडेकरू! आज येथे, उद्या दुसरीकडे.' हे वाक्य आम्ही आजवर असंख्य वेळा ऐकले आहे, आणि खरे सांगावयाचे तर तितक्याच वेळा स्वतःही उच्चारले आहे. शासकीय शाळेची नोकरी म्हणजे बदल्या. त्या झेलीत आम्ही अनेक गावी भाड्याच्या घरांत राहिलो. भिंतीत खिळा ठोकावयाचा तर घरमालकाची परवानगी लागे. अंगणात झाड लावावयाचे तर आपल्याच मनाची. खिळ्याला परवानगी मिळत असे. झाडाला मात्र मन होकार देत नसे. ज्याची फळे दुसऱ्याने खावयाची ते झाड आपण का लावावे, असा तो हिशेब होता. तो चुकीचा आहे हे कळावयास आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली.

इंदुरातील ज्या वसाहतीत आम्ही गेली काही वर्षे राहतो, ती एका गृहनिर्माण सहकारी संस्थेची आहे. ज्यांनी पै-पै साठवून येथे घरे बांधली, त्यांची मुले पुण्याला, बंगळूरला वा परदेशी गेली. मागे राहिलेल्या घरांत आमच्यासारखे भाडेकरू आले. हळूहळू वसाहतीची कळा गेली. मुलांना खेळावयास म्हणून राखलेल्या जागेत कचऱ्याचे ढीग साचले, विहिरीवर पत्रा पडला, आणि पावसाळ्यात खालच्या रांगेतील घरांत नालीचे पाणी शिरू लागले. जुने सभासद म्हणत, 'भाडेकरूंना आपलेपणा नाही.' भाडेकरू म्हणत, 'संस्था काही करीत नाही.' दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते, म्हणूनच वाद मिटत नव्हता.

एका श्रावणात खालच्या रांगेतील तीन मुलांना कावीळ झाली. नर्मदेच्या नळाची जुनी नळी नालीतून गेली होती आणि ती कोठेतरी फुटली होती. आजारी मुलांपैकी एक आमच्याच शाळेतील नववीतली मुलगी. तिची सहामाही परीक्षा बुडाली. तिची आई चार घरी पोळ्या करून संसार चालविते, तीही भाडेकरूच. संस्थेच्या वार्षिक सभेत ही बाई बोलावणे नसता आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, 'मला मत देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नालीचे पाणी घरात शिरताना मालक कोण नि भाडेकरू कोण, हे विचारीत नाही.'

सभा स्तब्ध झाली. संस्थेचे चिटणीस निवृत्त बँक अधिकारी आहेत. सारी वसाहत त्यांना नाना म्हणते. त्यांनी चष्मा काढून पुसला, शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि एवढेच म्हणाले, 'ताई, आधी बसा.' आमच्या वसाहतीच्या सुधारणेचा आरंभ आम्ही त्या खुर्चीपासून मानतो.

त्या रात्री आम्ही सहकाराचा इतिहास पुन्हा चाळला. आपल्या देशात 1904 च्या कायद्याने पतपुरवठ्याच्या सहकारी संस्था निघाल्या, आणि 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. त्यानंतर लवकरच, 1915 साली, मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिच्यामागे रावबहादुर श्रीपाद सुबराव तालमकी यांची दृष्टी आणि चिकाटी होती. 1896 च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट चाळींची भीषणता साऱ्यांना दाखविली होती. मध्यमवर्गीय कारकुनाला स्वतःचे घर परवडत नव्हते आणि मालकाची मर्जी सोसवत नव्हती. त्यातून जी तोड निघाली ती मोठी अर्थपूर्ण आहे. भूमी आणि इमारत यांची मालकी संस्थेची. प्रत्येक सभासद संस्थेचा भागीदार आणि त्याच वेळी तिचा भाडेकरू! महाराष्ट्रातील सहकाराच्या नियमांत अशा संस्थांना आजही 'भाडेकरू सहभागीदारी' संस्था असेच म्हटले जाते.

वाचकहो, या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ज्या चळवळीच्या पायाच्या दगडावर 'भाडेकरू' हा शब्द मानाने कोरला गेला, तिच्याच सभागृहात आज भाडेकरूला दाराशी उभे राहावे लागते. पुष्कळ झाले तर त्याला नाममात्र सभासद करून घेतात. मताचा अधिकार त्यालाही नसतो. कायद्याची ती मर्यादा आम्ही जाणतो. परंतु मत नसणे आणि मान नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा दाखला तर आपल्या इंदूरचाच. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार येथे आले आणि 1918 साली त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याऐवजी घर, बोळ, विहीर पाहून बेताबेताने दुरुस्ती करावी, असे त्यांचे मत होते. त्यांच्या चरित्रकारांनी एक प्रसंग नोंदविला आहे. नगरी प्लेगने त्रस्त होती. गेडिस यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीत मिरवणूक काढण्याचे ठरविले. तिचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या रस्त्यांवर सर्वांत अधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून होतील त्यांवरून ती जाणार होती. गल्लोगल्ली चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते, आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. झाडू हाती घेणाऱ्यांपैकी मालक किती आणि भाडेकरू किती, याची नोंद कोणी ठेवली नाही. ठेवण्याचे कारणही नव्हते.

हे दोन्ही दाखले आम्ही नानांना सांगितले. ते व्यवहारी गृहस्थ. म्हणाले, 'सर, मिरवणूक पुढे पाहू, आधी नकाशा करू.' चार सभासद आणि चार भाडेकरू अशी समिती नेमली गेली. वह्या घेऊन आम्ही घरोघर हिंडलो: नाली कोठून येते, कोठे तुंबते, नळी कोठून जाते. दोन रविवारांत जे उघड झाले ते कोणासच सुखावह नव्हते. नालीचा उतार एका जुन्या सभासदाने बांधलेल्या ओटल्याखाली अडला होता, आणि त्या अडथळ्यात भाडेकरूंच्या स्वयंपाकघरांतील खरकटे वर्षानुवर्षे साचत होते. दोष वाटून घेतल्यावर भांडावयास काही उरले नाही. त्या वृद्ध सभासदाने आपला ओटला स्वखर्चाने तोडला. ज्या ओटल्यावर दिवंगत पत्नीसमवेत ते रोज सायंकाळी बसत असत, तोच हा ओटला होता, हे आम्हांस मागाहून कळले.

दुसरा शोध पैशांचा. संस्थेची तिजोरी रिती आणि देखभालीची थकबाकी मोठी. भाडेकरूंस विचारता कित्येक जण म्हणाले, 'देखभालीचे पैसे आम्ही भाड्यातच देतो.' ते मालकाकडे जात आणि तेथेच राहत. नानांनी मालकांना एकेक पत्र लिहिले. बहुतेकांनी संमती दिली, आणि आता ती रक्कम भाडेकरूकडून थेट संस्थेकडे येते. आमच्या शाळेतील बाद झालेला एक फळा संस्थेच्या दारावर टांगला आहे. त्यावर जमा-खर्च लिहिला जातो. तो वाचावयास भाडेकरूही थांबतात, कारण त्यांत त्यांचे पैसे असतात.

एकट्या भाडेकरूच्या अर्जाला नगर निगमात वजन नसते. संस्थेच्या शिक्क्याला असते. उलट संस्थेकडे शिक्का असतो पण हात नसतात. ते भाडेकरूंच्या घरांत असतात. हे दोन्ही एकत्र आले तेव्हा नळी नालीतून वर आली, चेंबर साफ झाले, आणि श्रमदानाने मोकळी जागा खरोखरच मोकळी झाली. 2017 पासून आपले शहर स्वच्छतेत सलग अनेक वर्षे देशात पहिले आले, याचा अभिमान आम्हांसही आहे. पण घंटागाडी दारापर्यंतच येते. दाराच्या आतील अंगण आपणांसच राखावे लागते.

येथे हा लेख संपविता आला असता, तर तो गोड झाला असता. पण अंगण सुधारले तशी भाडी वाढली. ज्या बाईच्या शब्दाने सभा स्तब्ध झाली, तिच्याच घरमालकाने भाडेवाढ मागितली. वसाहत आता चांगली झाली, हे त्याचे कारण! मालकाला हुकूम करण्याचा संस्थेला अधिकार नाही. तरी नानांनी त्यास लिहिले, 'आपल्या घराची किंमत वाढविण्यात जिचा हात आहे, तिलाच त्याची शिक्षा देऊ नये.' वाढ निम्म्यावर आली आणि बाई राहिली. मुलगी यंदा बारावीला आहे. पण दुसरे एक कुटुंब राहू शकले नाही. त्या गृहस्थाने मोकळ्या जागेत बकुळीचे रोप लावून दोन उन्हाळे जगविले होते. सामान टेम्पोत चढत असताना तो एक बादली घेऊन तिकडे गेला, रोपाला पाणी घातले, बादली टेम्पोत ठेवली आणि निघाला. आम्ही त्यास काही बोलू शकलो नाही.

सुधारणेचा भार सर्वांनी वाहिला, तर तिचा लाभही वाटून घेण्याची काही रीत हवी. करार करतानाच भाडेवाढीची मर्यादा दोन-तीन वर्षांसाठी ठरवावी, अशी विनंती आमची संस्था आता प्रत्येक मालकास करते. काही मानतात, काही मानीत नाहीत. गाव करी ते राव न करी, हे खरे. पण कोणास गावात धरावयाचे, हे आधी ठरवावे लागते.

त्या बकुळीला आता आम्ही पाणी घालतो. आम्हीही भाडेकरूच, निवृत्तीनंतर कोठे असू, ठाऊक नाही. वाचकांना एकच विनंती. आपल्या संस्थेच्या पुढील सभेत भाडेकरूंसाठी चार खुर्च्या मांडा. मत देता येत नसेल तर देऊ नका. पण बसावयास सांगा.