वाचनालयात कलाकार मुक्कामी आला तर? 📚🎨

कलाकाराने काही दिवस वाचनालयात बसायचं, तिथंच काम करायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवायचं. जगात अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत असे उपक्रम चालतात.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार. 4 मे 2017 रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. त्याआधी सुमारे 75 चित्रकारांनी गावात येऊन 25 ठिकाणं रंगवली. कुणाच्या ओसरीत कवितांची पुस्तकं, कुणाकडे बालसाहित्य!

आता आपलं सोनपेठ बघा. मराठी, दखनी, गोरमाटी सगळ्या बोली बाजारात कानावर पडतात. शेजारी गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव. वाचनालयात एक आठवडा बंजारा तांड्यावरची आजी बसली, तर पोरींना कळेल की फेटियावर, म्हणजे बंजारा घागऱ्यावर, आरसा चिकटवत नाहीत. आधी आडवे-उभे टाके घालून तो पक्का बसवतात, मग त्या टाक्यांतच कडा विणतात. पुढच्या आठवड्यात उर्दू सुलेखन, त्यानंतर जात्यावरच्या ओव्या.

खर्च फार नाही: सतरंजी, चहा आणि कलाकाराला योग्य मानधन. हे मात्र बुडवायचं नाही!

तुमच्या ओळखीत असा कलाकार असेल, तर आधी त्यांना विचारा आणि मग वाचनालयात सांगा. 🙏