पॅकिंग लहान, जबाबदारी मोठी

मागच्या महिन्यात माझ्या स्कूटरच्या इंजिनातून तेल गळू लागले. पॅकिंग बदलून आठवडाही झाला नव्हता. विमान देखभालीचे शिक्षण घेणारा माझा एक जुना विद्यार्थी पनवेलला घरी आला होता. त्याने वाकून पाहिले. "सर, कडेने पेस्ट बाहेर आलीय. जुन्याच पॅकिंगवर फासलेली दिसते. आमच्याकडे हे चालत नाही."

मग चहा घेताना त्याने सगळे समजावले. विमानाच्या इंजिनाला इंधनपंप, जनरेटर, हायड्रॉलिक पंप, स्टार्टर असे जोडभाग बोल्टने बसवलेले असतात. दोन धातूंच्या मधल्या सांध्यात पॅकिंग म्हणजे गॅस्केट किंवा रबरी रिंग असते. जोडभाग बदलताना जुने गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडतात. लोखंडी पाते वापरले तर धातूवर ओरखडा उठतो आणि तिथूनच तेल झिरपते. दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करतात. नवे गॅस्केट पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचेच घेतात आणि त्याची छिद्रे तेलाच्या वाटांशी जुळतात का, हे पाहतात. पुस्तिकेत सांगितले असेल तिथेच पेस्ट लावतात, तीही पातळ. जास्तीची पेस्ट आत शिरून तेलाची वाट बंद करू शकते. रबरी रिंगला ठरलेले तेल लावतात, म्हणजे बसवताना ती पिळवटत नाही. समोरासमोरचे बोल्ट टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने आवळतात. शेवटी इंजिन चालवून गळती तपासतात आणि मग सही करतात.

या सहीची किंमत एका घटनेवरून कळते. 5 मे 1983 रोजी अमेरिकेत ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान 172 जणांना घेऊन मायामीहून नासाऊला निघाले. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांत, तेलातला धातूचा चुरा पकडणारे चुंबकीय प्लग बदलले होते. एरवी हे प्लग रिंग लावूनच हाती येत. त्या रात्री ते बिनरिंगचे आले. नवीन रिंग बसवण्याची सूचना कामाच्या कार्डावर होती. रिंग बसल्या नाहीत, सही मात्र झाली. हवेत तिन्ही इंजिनांतले तेल गळून गेले. तेलाचा दाब घसरल्याने वैमानिकांनी आधीच बंद केलेले मधले इंजिन समुद्रावर पुन्हा सुरू झाले, म्हणून सगळे सुखरूप परतले.

हे ऐकताना मला शाळेतल्या प्रयोगवह्या आठवल्या. प्रयोग न करता शेजाऱ्याचे आकडे उतरवलेल्या वह्या. घाईत मीही अशा काही वह्यांवर सही केली आहे. त्या दिवसापासून मी एक प्रश्न विचारतो, "तू स्वतः मोजलेस का?"

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागली. आपल्या पनवेल-उरणच्या मुलामुलींना हे क्षेत्र आता जवळचे वाटते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाकडे जाता येते. पुढे डीजीसीएच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांवर परवाना मिळतो. फी मोठी असते, म्हणून प्रवेशाआधी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, हे पालकांनी स्वतः तपासावे.

पण तयारी घरातूनच सुरू होते. न केलेल्या कामाखाली मुलाने सही करू नये आणि आपण त्याला करू देऊ नये. कुणाचा तरी जीव आपल्या हाती अमानत असतो. तो माणूस आपल्याला कधी दिसतही नाही.