पोपट स्वतःचीं पिसें कां उपटतो?

पडवींत टांगलेला पिंजरा आणि त्यांतील राघू हें दृश्य आमच्या रत्नागिरीकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचें आहे. बाणभट्टानें कादंबरीची कथा वैशंपायन नांवाच्या शुकाच्या मुखीं घातली, आणि चौसष्ट कलांमध्यें शुकसारिकांना बोलावयास शिकविणें हीहि एक कला गणली गेली. परंतु हाच बोलका पक्षी स्वतःचीं पिसें उपटूं लागला, म्हणजे घरांतील लहानथोर कासावीस होतात. कोणी दृष्ट काढतें, कोणी हळद-तेल लावतें. तेलानें पिसें मात्र चिकटतात. मूळ कारण तसेंच राहतें.

प्रथम पक्ष्याचें डोकें पाहावें. त्याची चोंच स्वतःच्या मस्तकास पोहोंचत नाहीं. छाती उघडी पडूनहि डोक्यावरचीं पिसें शाबूत असतील, तर पक्षी तीं स्वतःच उपटतो असें समजावें. डोकेंहि उघडें झालें असेल, तर रोगाचा किंवा जोडीच्या पक्ष्याच्या चोंचीचा संशय घ्यावा. ऋतुमानाप्रमाणें जुनीं पिसें गळून नवीं येतात, ती गोष्ट निराळी. त्यांत त्वचा उघडी पडत नाहीं.

शरीराचीं कारणें अनेक असतात: त्वचेवरील किडे, यकृताचे विकार, केवळ बियांवर पोसल्यानें पडणारी ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा चावल्यानें होणारी विषबाधा. म्हणून आधीं पशुवैद्यास दाखवावें. उशीर झाल्यास पिसांचीं मुळें कायमचीं नष्ट होतात.

शरीर निरोगी ठरलें, तर मनाकडे वळावें. शुक हा थव्यानें राहणारा पक्षी. रानांत त्याचा बराच वेळ अन्न शोधण्यांत जातो. पिंजऱ्यांत वाटी समोर आणि सोबत कोणी नाहीं! चोंचीस उद्योग नसला, कीं ती पिसांकडे वळते. यासाठीं पेरू, तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला, मोड आलेलीं कडधान्यें द्यावीं, आणि तींहि कधीं पानांत गुंडाळून, म्हणजे शोधण्याचें काम मिळेल. कुरतडावयास पेरूची ताजी डहाळी, अंघोळीस उथळ पात्र, रात्रीं १० ते १२ तास अंधार व शांतता असावी. चुलीचा व उदबत्तीचा धूर दूर ठेवावा. पिसें उपटतांना ओरडूं नये. त्यानें भय वाढतें, किंवा लक्ष वेधण्याची ती युक्तीच होऊन बसते.

आतां एक अप्रिय गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपला देशी पोपट पकडणें, विकणें वा पाळणें हा गुन्हा आहे. वरील उपाय परदेशी जातीच्या पाळीव पोपटांस लागू. देशी राघू घरीं असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. मात्र भावनेच्या भरांत पिंजऱ्याचें दार उघडूं नये. विरळ पंखांचा पक्षी कावळ्या-मांजरांच्या तावडींत सांपडतो. मुलें रडतील, हें आम्ही जाणतों. त्यांना शेतावर उतरणारा राव्यांचा थवा दाखवावा, आणि आपला राघू कशास मुकला होता, तें समजावून सांगावें.