रस्त्याचा कायदा आपणच करू या

आज एक खेळ खेळू या. खेळ गमतीचा आहे, पण त्याचा शेवट गमतीचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

असे समजा, की एक नवा देश वसला आहे. त्याचे नाव ठेवू सुपंथ. डोंगर आहेत, नद्या आहेत, शेते आहेत, बाजाराची गावे आहेत. आणि आता तिथे डांबरी सडकाही झाल्या आहेत. सडका झाल्या, तशा मोटारी, फटफट्या, ट्रॅक्टर नि ट्रक आले. मात्र ह्या देशात रस्त्याचा एकही कायदा नाही. तो तुम्ही करावयाचा आहे. गाडी किती वेगाने न्यावी आणि ती कुणी चालवावी, हे दोन प्रश्न तुमच्यापुढे आहेत. गुरुजींनी हे काम वर्गाला द्यावे, वडीलधाऱ्यांनी चावडीवर बसून करून पाहावे. कायदा म्हणजे मुंबई-दिल्लीत कुणीतरी लिहिलेला कागद, अशी आपली समजूत असते. आपणच करू लागलो, म्हणजे त्यातले एकेक कलम कशासाठी आले ते उमगते.

पहिला प्रश्न वेगाचा. इथे कुणीही म्हणेल, “अहो, वेग फार वाईट. सगळ्यांनी हळू चालावे, एवढे लिहिले म्हणजे झाले!” नेमके हेच इंग्लंडात एकदा करून झाले आहे. १८६५ साली तिथल्या पार्लमेंटने कायदा केला, की रस्त्यावरच्या यांत्रिक गाडीने गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात ताशी दोन मैल चालावे. चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटरसुद्धा नव्हेत. शिवाय गाडीच्या पुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालला पाहिजे! गाडी बैलगाडीच्या चालीने जाणार असेल, तर ती घ्यावी कशाला? अखेर १८९६ साली ही मर्यादा ताशी चौदा मैल केली, आणि १९०३ साली वीस मैल.

पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. वेगाची मर्यादा कुणी पाळीतच नाही, तर ती ठेवावी कशाला, असे म्हणून १९३० साली खाजगी मोटारींवरची मर्यादा पार काढून टाकली. त्या काळात तिथे वर्षाला सात हजारांवर माणसे रस्त्यावर मरत होती. चार-पाच वर्षांत सरकारला मागे फिरावे लागले, आणि १९३५ साली वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा आली. ह्यातून सुपंथ देशाने एवढे शिकावे, की मर्यादा भीतीपोटी ठरवू नये आणि कंटाळून सोडूनही देऊ नये. ती मोजून ठरवावी.

तर मग मोजू या. गुरुजी, खडू घ्या.

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर, आणि ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. आता गाडीसमोर वीस मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आले. चालकाच्या डोळ्यांना ते दिसायला, मनाला उमजायला आणि पायाने ब्रेक दाबायला सुमारे एक सेकंद जातो. हा सेकंद कुणालाच चुकत नाही; तुम्ही कितीही हुशार असा. ब्रेक लागल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला पाच मीटरने उतरतो, असे हिशेबासाठी धरू. रस्ता कोरडा नि टायर चांगले असले तर ती ह्याहून लवकर थांबेल, चिखलपाण्यात उशिरा थांबेल.

ताशी ३६ ची गाडी त्या पहिल्या सेकंदात १० मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १० मीटर. झाले वीस. ती मुलाच्या पायाशी थांबते. मूल वाचले.

ताशी ५४ ची गाडी पहिल्या सेकंदातच १५ मीटर पुढे आली. ब्रेकला उरले पाच मीटर. तेवढ्यात वेग उतरतो, पण किती? मुलाला धडक बसते तेव्हाही गाडी ताशी जवळजवळ ४८ च्या वेगात असते.

आणि ताशी ७२ ची गाडी? ती त्या पहिल्या सेकंदातच वीस मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडतो त्याच क्षणी धडक होते. जणू ब्रेक नव्हताच.

म्हणजे पाहा, वेग दुप्पट झाला तर धोका दुप्पट होतो, हा आपला अंदाज खोटा आहे. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर चौपट लागते. धडकेचा जोरही तसाच चौपट वाढतो. ताशी ३६ ची धडक म्हणजे सोळा फूट उंचीवरून खाली पडणे, तर ताशी ७२ ची धडक म्हणजे पासष्ट फुटांवरून पडणे. सोळा फूट कोरड्या विहिरीत पडलेला माणूस हातपाय मोडून का होईना, पुष्कळदा वाचतो. पासष्ट फुटांची गोष्ट तुम्हीच सांगा.

“पण वेळ वाचतो ना!” असे कुणी म्हणेल. तोही हिशेब करू. समजा शाळेवरून, एस. टी. थांब्यावरून आणि देवळावरून जाणारा गावातला रस्ता अर्धा किलोमीटर आहे. ताशी ३६ च्या वेगाने तो ५० सेकंदांत सरतो, ताशी ७२ ने २५ सेकंदांत. वाचले २५ सेकंद. एवढ्यात विडी पेटवूनसुद्धा होत नाही.

तेव्हा सुपंथ देशाचे पहिले कलम असे लिहा : जिथे माणसे आणि गाड्या एकाच रस्त्यावर मिसळतात, तिथला वेग माणसाच्या अंगाला सोसेल असा असावा; जिथे मध्ये दुभाजक आहे, पायी चालणारा नाही, बैलगाडी नाही, तिथे तो जास्त असावा. स्वीडन देशाने १९९७ साली हाच विचार आपल्या पार्लमेंटात मान्य केला. माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मरण असू नये, असे रस्ते नि वेग आखावेत, असे त्या धोरणाचे सार आहे. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वेगाची कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवते, आणि शाळा, पूल, घाट अशा ठिकाणी ती आणखी कमी करण्याची मुभा राज्य सरकारला दिली आहे.

आता एक आपल्या घरचे उदाहरण. गावाजवळ अपघात झाला, कुणाचे तरी पोर गेले, की दुसऱ्या दिवशी संतापलेले गावकरी रस्त्यावर माती-मुरमाचा बांध घालतात. त्यांचे दुःख खरे आहे. पण तो बांध खोटा आहे. रात्री न दिसल्याने त्यावरून दुचाकीस्वार उडतो, आणि बाळंतिणीला नेणारी गाडीही तिथेच आपटते. गतिरोधकाचेसुद्धा शास्त्र आहे. भारतीय रस्ते महासभेच्या नमुन्याप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंटीमीटर उंच, असा गोलसर उतरता असतो. ताशी २५ च्या वेगाने जाणाऱ्याला तो त्रास देत नाही, जोरात येणाऱ्याला मात्र जाणवतो. त्याच्या आधी सूचनेचा फलक हवा नि त्यावर पांढरे पट्टे हवेत. म्हणून मातीचा बांध घालण्याऐवजी ग्रामसभेत ठराव करा आणि तो ज्या खात्याचा रस्ता असेल त्या खात्याकडे पाठवा. एकदा पाठवून भागले नाही तर पुन्हा पाठवा. हा मार्ग लांबचा आहे खरा, पण त्याने दुसऱ्याच्या घरी रडे जात नाही.

आता दुसरा प्रश्न. गाडी चालवावी कुणी?

इंग्लंडात १९०३ साली चालकाला परवाना आला, पण परीक्षा नव्हती. पैसे भरले, की परवाना हातात! ही चूक उमगायला तीस वर्षे गेली. १९३५ साली नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे एकामागून एक कायदे झाले. आजच्या कायद्याप्रमाणे मोटार किंवा गिअरची दुचाकी चालवायला अठरा वर्षे पुरी लागतात. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीला सोळा, आणि ट्रक-बससारख्या वाहतुकीच्या गाडीला वीस. आधी शिकाऊ परवाना मिळतो. तो सहा महिने चालतो. शिकणाऱ्याबरोबर परवानाधारक माणूस बसलेला हवा. निदान तीस दिवस गेल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते.

इथे वर्गात एक वाद अवश्य घाला : ज्याला वाचता येत नाही, त्याला ट्रकचा परवाना द्यावा का? आपल्या देशात वाहतुकीच्या गाडीसाठी आठवी पास असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकली. एक बाजू म्हणेल, फलक वाचता आले पाहिजेत. दुसरी म्हणेल, हात नि नजर उत्तम असलेल्या गरिबाच्या पोटावर पाय का द्यावा? निकाल मुलांना देऊ द्या. मात्र त्यांना एवढे दाखवा, की रस्त्यावरच्या खुणा मुळातच निरक्षरालाही कळाव्यात अशा केलेल्या आहेत. लाल कडेचे वर्तुळ म्हणजे मनाई, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका, निळे वर्तुळ म्हणजे असे कराच. ही तीन अक्षरांची बाराखडी आजोबांनाही एका संध्याकाळी येते. परवाना मागणाऱ्याला ती आलीच पाहिजे.

आणि आता जे सांगतो ते थोडे कडू लागेल. आपल्या गावात चौदा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो, तेव्हा बाप कौतुकाने पाहतो. “कामाचा झाला हो!” असे शेजारीही म्हणतात. शेतात नांगरट करताना तो पडला-झडला तर दुःख एका घराचे. तोच ट्रॅक्टर उसाची ट्रॉली लावून रात्री सडकेवर येतो, मागे लाल दिवा नसतो की चकाकणारी पट्टी नसते, तेव्हा मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव त्या मुलाच्या हातात असतो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वेळी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरले आहे. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण ते रोखण्याची काळजी घेतली होती, हे त्याला सिद्ध करता आले नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. शिक्षा कडक आहे. पण ती मुलाला नव्हे, चावी देणाऱ्या हाताला आहे, हे त्यातले मर्म. सुपंथ देशाच्या कायद्यात हे कलम ठेवायचे की नाही, ह्यावर बापांनीच मत द्यावे.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. सरकारी नोंदीप्रमाणे त्यांतल्या दहांपैकी सात मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. आपण वर खडूने मांडलेला हिशेब हाच. फळ्यावर तो पुसता येतो.

गुरुजी, उद्या मुलांना मैदानावर न्या. एका टोकाला चेंडू ठेवा, आणि तिथून वीस मीटर दोरीने मोजून चुन्याची रेघ ओढा. एका मुलाला रेघेवर उभे करा. मग सांगा, की ताशी ७२ ची गाडी इथून तिथपर्यंत येईतो चालकाने अजून ब्रेकला पायसुद्धा लावलेला नसतो. मुले ते अंतर डोळ्यांनी पाहतील. मग घरी जाऊन वडिलांना, काकांना, थोरल्या भावाला सांगतील. सुपंथ देशाचा कायदा अमलात यायला तेवढी सुरुवात पुरे.