हेतू की परिणाम? इंग्रजी ‘सो दॅट’भोवतीचे गैरसमज

समजा, एकाने दुसऱ्याच्या जमिनीतले झाड चोरून नेण्याच्या इराद्याने तोडले. लाकूड अजून तिथेच पडले आहे, एक फांदीही कुंपणाबाहेर गेलेली नाही. मग चोरी झाली का? १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७८ खाली नेमके हेच उदाहरण दिलेले आहे आणि त्याचे उत्तर ‘झाली’ असे आहे. झाड जमिनीपासून वेगळे झाले, त्याच क्षणी गुन्हा पूर्ण झाला. कलमाच्या इंग्रजी मजकुरात वस्तू हलवण्याची क्रिया ‘इन ऑर्डर टू सच टेकिंग’, म्हणजे ती नेण्याच्या हेतूने, झालेली असावी लागते. नेणे प्रत्यक्षात तडीस जावे अशी अट नाही.

त्याच संहितेतल्या कलम ३३९ मध्ये एखाद्याची वाट बेकायदा अडवण्याचा गुन्हा आहे. तिथे शब्द आहेत ‘सो ॲज टू प्रिव्हेंट’. इथे नुसता इरादा पुरत नाही. अडथळा असा हवा की त्या माणसाला जिकडे जाण्याचा हक्क आहे तिकडे खरोखरच जाता आले नाही. पहिल्या कलमातला शब्दसमूह हेतू सांगतो, दुसऱ्यातला परिणाम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलमांचे क्रमांक बदलून ३०३ आणि १२६ झाले, पण हे दोन्ही शब्दसमूह जसेच्या तसे राहिले.

इंग्रजीत अर्ज, अहवाल, करार, शोधनिबंध लिहिणाऱ्या मराठी माणसाने हा फरक मनावर घ्यायला हवा. अडचण अशी की इंग्रजीत हेतू आणि परिणाम या दोन्हींसाठी बरेचदा तेच शब्द वापरले जातात. मग वाचकाला अर्थ कळतो तो आजूबाजूच्या बारीक खुणांवरून. त्या खुणांविषयी आपल्याकडे काही समज घट्ट बसलेले आहेत.

त्यातला सर्वात पक्का समज म्हणजे ‘सो दॅट’ हा शब्दसमूह नेहमी हेतूच सांगतो. दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘द रोड वॉज क्लोज्ड सो दॅट रिपेअर्स कुड बिगिन’ यात रस्ता बंद केला तो दुरुस्ती सुरू करता यावी म्हणून. ‘द रोड वॉज क्लोज्ड, सो दॅट द ट्रक्स हॅड टू टर्न बॅक’ यात ट्रक परत फिरावेत असे कुणाच्या मनात नव्हते, पण तसे घडले. पहिल्या वाक्यात ‘कुड’ आहे आणि स्वल्पविराम नाही. दुसऱ्यात स्वल्पविराम आहे आणि घडून गेलेली गोष्ट सरळ भूतकाळात सांगितली आहे. आणखी एक कसोटी आहे, आणि ती फार उपयोगी आहे. हेतूचे उपवाक्य उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेता येते, परिणामाचे नेता येत नाही. दुरुस्तीचे उपवाक्य आधी घेतले तरी वाक्य नीट उभे राहते. ट्रकचे आधी घेतले की ते कोलमडते.

मराठी वाचकाला यात परके वाटावे असे काही नाही. ‘तो आला म्हणून ती थांबली’ आणि ‘तो यावा म्हणून ती थांबली’ या दोन्ही वाक्यांत ‘म्हणून’ तेच आहे. अर्थ फिरवला तो क्रियापदाने. ‘आला’ म्हणताच घडलेली गोष्ट समोर येते, ‘यावा’ म्हणताच इच्छा. इंग्रजीतली ‘मे’, ‘कॅन’, ‘कुड’ ही सहायक क्रियापदे याच ‘यावा’चे काम करतात. आपले शालेय व्याकरण तर आणखी पुढे जाते. उद्देशबोधक उभयान्वयी अव्यय ते गौणत्वसूचक गटात ठेवते आणि परिणामबोधक अव्यय प्रधानत्वसूचक गटात. स्पर्धा परीक्षांसाठी ही वर्गवारी पाठ करणाऱ्यांना ती कोरडी वाटते, पण इंग्रजीतला तो स्वल्पविरामही हेच सांगत असतो. हेतू मुख्य वाक्याला बांधलेला असतो, परिणाम त्याच्या पाठोपाठ बराचसा मोकळा चालतो.

दुसरा समज परीक्षेच्या अभ्यासातून आलेला आहे. ‘सो दॅट’नंतर ‘मे’ किंवा ‘माइट’ आलेच पाहिजे, नाहीतर वाक्य चूक. भारतातल्या कित्येक पिढ्या ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणावर वाढल्या. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या कादंबरीमुळे जगभर गाजले. त्या पिढीच्या इंग्रजीत हेतूसाठी ‘मे’ ही खरोखरच नेहमीची रीत होती. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५१ मध्ये ती दिसते. हिंदी भाषेचा विकास कशासाठी, हे सांगताना तिथे ‘सो दॅट इट मे सर्व्ह’ असे म्हटले आहे. आता अनुच्छेद ५१ क पाहावा. तो १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. त्यात नागरिकाच्या उत्कृष्टतेच्या ध्यासाविषयीचे कर्तव्य सांगताना ‘सो दॅट द नेशन कॉन्स्टंटली राइझेस’ असा साधा वर्तमानकाळ आहे, ‘मे’ कुठेही नाही. एकाच राज्यघटनेत दोन्ही रचना आहेत आणि दोन्ही शुद्ध आहेत. पण त्यांचा सूर वेगळा आहे. ‘मे’ शक्यता आणि अपेक्षा मांडतो. साध्या वर्तमानकाळात हेतूबरोबर फळाची खात्रीही मिसळते. औपचारिक लेखनात आज ‘कॅन’ आणि ‘विल’ही सर्रास चालतात. काळाचा मेळ मात्र राखावा लागतो. मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की ‘कॅन’चे ‘कुड’ आणि ‘विल’चे ‘वुड’ होते. ‘इन ऑर्डर दॅट’नंतर मात्र ‘मे’ किंवा ‘माइट’च अधिक शोभते.

सरकारी पत्रव्यवहारात ‘इन ऑर्डर टू’ची रेलचेल असते, कारण तो साध्या ‘टू’पेक्षा भारदस्त समजला जातो. अमेरिकेत २०१० साली सोप्या सरकारी लेखनाचा कायदा झाला. तिथल्या सरकारी लेखन-मार्गदर्शिका जिथे भागेल तिथे नुसता ‘टू’ वापरायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. दोन अक्षरांत होणारे काम तीन शब्दांत केल्याने पत्राचे वजन वाढत नाही. तरीही ‘इन ऑर्डर टू’ हद्दपार करण्याचे कारण नाही. अमेरिकेच्याच राज्यघटनेची १७८७ ची उद्देशिका तो शब्दसमूह एकदाच वापरते आणि त्याच्या आधारावर ओळीने सहा उद्दिष्टे मांडते. इतकी लांब रांग नुसत्या ‘टू’ला पेलली नसती. दुसरी जागा नकाराची. ‘ही लेफ्ट अर्ली नॉट टू मिस द ट्रेन’ हे इंग्रजीला रुचत नाही. तिथे ‘इन ऑर्डर नॉट टू’ किंवा ‘सो ॲज नॉट टू’ लागतोच.

मराठीतल्या ‘-ण्यासाठी’मुळे होणारी चूक तर अर्जांच्या पहिल्याच ओळीत भेटते: ‘आय ॲम रायटिंग फॉर रिक्वेस्टिंग लीव्ह’. ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’ हे समीकरण डोक्यात असते. इंग्रजीत ‘फॉर’ आणि ‘-इंग’ ही जोडी वस्तूचा उपयोग सांगते: ‘अ मशीन फॉर कटिंग पेपर’. माणूस एखादी कृती कशासाठी करतो, हे सांगायला ‘टू’ हवा: ‘आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट लीव्ह’.

याच्या उलट चूक वाचताना होते. ‘टू’ दिसला की हेतू, असे धरून चालणारा वाचक ‘शी लिव्ह्ड टू बी नाइंटी’ या वाक्यापाशी अडखळतो. नव्वद वर्षांची होण्याच्या हेतूने ती जगली नाही, ती नव्वद वर्षे जगली. ‘टू’च्या आधी ‘ओन्ली’ आला की परिणाम आणखी ठळक होतो आणि बहुधा अपेक्षाभंगाचा असतो. ‘दे रीच्ड द ऑफिस ओन्ली टू फाइंड इट क्लोज्ड’ म्हणजे ते कार्यालयात पोचले, तर ते बंद. अनुवादकांनी इथे विशेष सावध राहावे. ‘ते फक्त बंद असल्याचे पाहण्यासाठी पोचले’ अशा वाक्याने मूळ अर्थाचा पार विपर्यास होतो.

‘देअरफोर’ला उभयान्वयी अव्यय मानून दोन वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे ही शोधनिबंधांतली नेहमीची चूक. प्रमाण इंग्रजीत ते क्रियाविशेषण आहे. म्हणून त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. ‘सो’ला स्वल्पविराम पुरतो, पण औपचारिक लेखनात तो जरा बोलीतला वाटतो. ‘सो… दॅट’ या जोडीला मात्र ही अडचण नाही. तिच्यातला ‘सो’ विशेषणाबरोबर जातो आणि नाम आले की त्याची जागा ‘सच’ घेतो. ‘सो सिव्हिअर वॉज द ड्राउट दॅट…’ ही उलटी रचना अनेकांना केवळ काव्यात शोभणारी वाटते. प्रत्यक्षात ती गंभीर गद्यातही चालते. ‘लेस्ट’मध्ये नकार मुळातच असतो, त्यामुळे त्याच्यापुढे ‘नॉट’ घातला की अर्थ उलटतो. आपल्या ‘नाहीतर’च्या सवयीने तो ‘नॉट’ हमखास घुसतो.

सर्वात महागात पडते ती संदिग्धता करारातली. कंत्राटदाराने माल ‘सो ॲज टू प्रिव्हेंट डॅमेज’ साठवावा, असे लिहिले आणि माल भिजला. नुकसान होऊ नये म्हणून त्याने रास्त काळजी घेतली होती. मग अट पाळली गेली का? हेतू धरला तर पाळली, परिणाम धरला तर मोडली. काळजीपूर्वक मसुदा करणारा इथे वाक्य फोडतो. प्रयत्न पुरेसा असेल तर ‘शॅल टेक रीझनेबल स्टेप्स टू प्रिव्हेंट’ आणि नुकसान होताच कामा नये असे ठरले असेल तर ‘शॅल एन्शुअर दॅट नो डॅमेज ऑकर्स’.