फिल्टर कोणता घ्यावा?

घरच्या मोठ्या फिशटँकसाठी फिल्टर घ्यायला गेले, की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, टाकी किती लिटरची? दुसरा, बजेट किती? मासे कोणते, त्यांना किती खायला घालता आणि तुमच्याकडे वीज किती वेळ जाते, हे तो विचारत नाही. माझ्या मते निवड व्हायला हवी ती या न विचारलेल्या प्रश्नांवर.

ही निवड माझ्याकडे आली मुलीच्या बदलीमुळे. ती हैदराबादला गेली आणि चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी पुण्यात आमच्याकडे राहिली. हिशेबाने ३४० लिटर पाणी. आत सहा गोल्डफिश. त्यांतला सर्वांत थोरला अकरा वर्षांचा, एका डोळ्याने अधू. गोल्डफिश नीट सांभाळला तर वीस वर्षेही काढतो, तेव्हा हे गृहस्थ मध्यमवयीनच म्हणायचे. नातू दर रविवारी फोनवर आधी त्यांची खुशाली विचारतो, मग आमची. आणि वाळूखालच्या जाळीचा जुना फिल्टर आता गाळाने तुंबत चालला होता.

फिल्टर म्हणजे गाळणी, असा आपला सर्वसाधारण समज. ‘काका, पाणी काचेसारखे दिसेल,’ हे आश्वासन दुकानात हमखास मिळते. पण काचेसारख्या पाण्यातही मासे मरतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी अल्कधर्मी आणि कोमट असेल तर त्याचे विष अधिक चढते. गोल्डफिश तर खादाड, त्यामुळे घाणही तशीच. या अमोनियाची वासलात लावतात ते जिवाणू. काही जण त्याचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने सौम्य. दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते.

विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जिवाणू वेगळे करून दाखवले. पुढे फिशटँकची पुस्तके दुसऱ्या टप्प्याचे श्रेय वर्षानुवर्षे नायट्रोबॅक्टरला देत राहिली. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा ते काम नायट्रोस्पायराचे निघाले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये! ही मंडळी राहतात फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या कड्यांवर. आपण पैसे मोजून आणतो ती केवळ चाळ; भाडेकरू येऊन स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊ नये. नळातले क्लोरिन चाळ रिकामी करते. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात तो पिळावा.

या भाडेकरूंना अन्नाइतकीच हवा लागते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचा निकाल लावायला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. आणि पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आपल्याकडे वीज जाते तीही नेमकी उन्हाळ्यात.

बँकेत असताना कर्जाचा अर्ज आला की धंदा जोरात असतानाचे आकडे मी बाजूला ठेवीत असे. तीन महिने उधारी वसूल झाली नाही तर हा माणूस काय करील, हे आधी पाहायचे. फिल्टरलाही तीच कसोटी लावली.

टाकीखाली कपाटात बसणारा कॅनिस्टर दिसायला देखणा, आवाजही नाही, जागाही भरपूर. पण तो बंद डबा. वीज गेली की आतल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणूच संपवतात आणि काही तासांत मरू लागतात. वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत ओतले जाते. त्यामुळे वीज बराच वेळ गेली असेल तर आधी डब्यातले पाणी फेकून द्यावे, मग बटण दाबावे. टाकीखाली दुसरी उघडी टाकी ठेवायची, तिला संप म्हणतात. तो हवेशीर आणि मोठा, जाणकारांचा लाडका. पण वीज गेली की वरचे पाणी ठरावीक पातळीपर्यंत खाली उतरते. आमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. दोन इंच उतरले तर २८. तेवढी रिकामी जागा संपात नसेल तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे छत ओले होणार. शिवाय संपासाठी काचेला भोक पाडावे लागते, आणि भरल्या टाकीला ते पाडणार कोण? टाकीवर ठेवायचा पन्हाळीसारखा ओव्हरहेड फिल्टर दुकानदारांना गावठी वाटतो. पण वीज गेल्यावरही त्यातला स्पंज ओला राहतो आणि त्याला हवाही मिळते. आपल्या विजेला तो चांगला ओळखतो! गोल्डफिशसाठी मात्र त्यात जागा अपुरी.

डब्यावरच्या आकड्याबद्दलही सांगायला हवे. ‘ताशी १४०० लिटर’ म्हणजे आमचे पाणी तासात चारदा फिरेल, असे वाटते. तो आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. कडे-स्पंज भरून पाणी वर चढवायला लागले की प्रवाह बराच घटतो. विजेचा खर्च मात्र फार नाही: २० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे १४ युनिट.

शेवटी मी एक मोठा घेण्याऐवजी कामाची वाटणी केली. एक कॅनिस्टर इन्व्हर्टरवर, आणि जोडीला दोन मोठे स्पंज फिल्टर, वीज जाताच आपोआप बॅटरीवर चालणाऱ्या एअरपंपावर. स्पंज स्वस्त, कुरूप आणि दणकट. एकाने दगा दिला तरी दुसरा सहा माशांना तारून नेईल, एवढाच हिशेब.

जुनी जाळी लगेच काढली नाही. नवे-जुने फिल्टर सहा आठवडे शेजारी-शेजारी चालवले, म्हणजे भाडेकरूंना सावकाश बिऱ्हाड हलवता येते. या काळात दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी केली. दोन्ही शून्यावर राहिले. वाळू आता दर रविवारी हातभर उपसतो, एकदम नाही, कारण खालचा गाळ ढवळला तर सगळेच मुसळ केरात. अजून अर्धी टाकी बाकी आहे. थोरले गृहस्थ नळी उतरली की जवळ येऊन धड डोळ्याने काम तपासतात.