चंद्रगुप्त की गांधीजी?

‘सिव्हिलायझेशन ६’ या गेमचा डाव सहसा इ.स.पू. ४००० पासून सुरू होतो. हाताशी वसाहत वसवणाऱ्यांची एक तुकडी, एक योद्धा आणि पुढे अजून न उलगडलेला नकाशा. पण डावातला सर्वांत मोठा निर्णय त्याआधीच झालेला असतो: कोणत्या राष्ट्राच्या बाजूने उतरायचं?

गेम-रचनाकार सिड मायर यांचा पहिला ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आला, तेव्हा हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नव्हता. रोम घेतला काय किंवा चीन, खेळाडूच्या हाती येणारी साधनं जवळपास सारखीच असत. २००१ च्या तिसऱ्या भागापासून प्रत्येक राष्ट्राला स्वतःचे गुण आणि स्वतःचं खास सैन्य मिळालं. २०१६ मध्ये फिरॅक्सिस कंपनीने सहावा भाग आणला तेव्हा जिंकण्याच्या वाटाही चांगल्याच वेगवेगळ्या झाल्या होत्या. सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या मूळ राजधान्या काबीज करता येतात, विज्ञानाच्या जोरावर अवकाशमोहिमा पूर्ण करता येतात, प्रत्येक राष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक शहरांत आपला धर्म रुजवता येतो किंवा कला-स्मारकांच्या बळावर जगभरचे पर्यटक ओढून घेता येतात. मुत्सद्देगिरीची वाट २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्ताराने जोडली.

नवखा खेळाडू बहुधा बोनसचा आकडा बघतो आणि भुलतो. खरं बघायचं ते वेगळंच: हे बळ कोणत्या काळात हाती येतं आणि त्याला कसली जमीन लागते?

सुमेरचा गिल्गमेश घेतला तर युद्धरथ पहिल्या टर्नपासून बांधता येतात. साध्या योद्ध्याहून ते वेगवानही आणि बळकटही. शेजारी जवळ असेल तर त्याची राजधानी लवकर पडते. मध्ये समुद्र असेल तर तीच ताकद वाया जाते, कारण जहाजांची विद्या येईपर्यंत रथांचा काळ सरलेला असतो. विज्ञानाच्या वाटेवर हमखास सुचवला जाणारा कोरिया याच्या अगदी उलट. सिल्ला राज्याच्या राणी सेओंदोक यांच्या या राष्ट्राला ‘सोवोन’ नावाचं विद्याकेंद्र मिळतं. इतरांना चांगल्या विद्याकेंद्रासाठी डोंगररांगा शोधाव्या लागतात. कोरियाला टेकडी पुरते, आणि केंद्राला लागून शहराचा दुसरा विभाग बांधला नाही तर त्याचं विज्ञान ४ अंकांवर टिकून राहतं. युद्ध नाही, घाई नाही. रशियाचा पीटर तर गोठलेल्या टुंड्रा प्रदेशातून श्रद्धा आणि उत्पादन काढतो. बाकीचे तिथे शहर वसवायला कचरतात, त्यामुळे ती जमीन सहसा त्याच्यासाठी मोकळी राहते.

मंगोलिया मात्र रचनेचा सुंदर नमुना आहे. चंगीझ खानाचा व्यापारी मार्ग सुरू होताच समोरच्या शहरात ठाणं उभं राहतं आणि त्या राष्ट्राची खबर मिळू लागते. शत्रूविषयी त्याच्यापेक्षा जितक्या पायऱ्या जास्त माहिती, तितकं लढाईत बळ अधिक. इतर राष्ट्रांना दर पायरीमागे ३ अंक मिळतात, मंगोलांना ६. म्हणजे आधी व्यापारी पाठवायचे, मग घोडदळ. मंगोल साम्राज्यात ठाण्याठाण्यावर घोडे बदलत निरोप पोचवण्याची जी व्यवस्था होती, तिचंच हे खेळातलं रूप. त्यांचे धनुर्धारी घोडेस्वार, म्हणजे केशिग, मध्ययुगात येतात. पुढे तोफा-बंदुका आल्या की ती धार कमी होते. विजयाचा हिशेब त्या शतकांतच मांडावा लागतो.

भारतीय खेळाडूला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो तो भारतच, कारण इथे एकाच राष्ट्राला दोन नेते आहेत. गांधीजींच्या भारताला भेट झालेल्या, धर्म स्थापन केलेल्या आणि ज्याच्याशी युद्ध सुरू नाही अशा प्रत्येक राष्ट्रामागे श्रद्धेचे ५ अंक मिळतात. साहजिकच जग लवकर हिंडून बघायचं आणि शांतता राखायची. भारताच्या शहरात ज्या ज्या धर्माचा एक तरी अनुयायी असेल, त्या धर्माचे लाभही मिळतात. धर्मविजयासाठी इतर धर्म पुसत गेलं तर हेच लाभ आटतात, म्हणून ही श्रद्धा संस्कृतीच्या वाटेवर वळवणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. राष्ट्रीय उद्यानं उभारणारे निसर्गतज्ज्ञ आणि पर्यटक खेचणारे रॉक बँड श्रद्धेच्याच बदल्यात मिळतात. भारताची खास बांधणी म्हणजे पायऱ्यांची विहीर. ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये ती दुष्काळातलं अन्नाचं नुकसान टाळते. महाराष्ट्रातही अशा बारवा गावोगावी आहेत, तेव्हा मराठी वाचकाला तिची ओळख करून द्यायला नको.

चंद्रगुप्त मौर्य २०१८ च्या ‘राइज अँड फॉल’ या विस्तारातून आला. विस्तारासाठी युद्ध पुकारलं की पहिले १० टर्न त्याचं सैन्य अधिक वेगाने चालतं आणि अधिक जोराने लढतं. सोबत हत्तीदळ असतं, त्याच्या नुसत्या जवळ असण्याने शत्रू दुबळा होतो. दोन्ही गोष्टी खेळातल्या दुसऱ्याच, म्हणजे क्लासिकल युगात हाती येतात आणि शेजारी जितका जवळ तितका फायदा. कौटिल्याच्या मंडल सिद्धान्तात लगतचा राजा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र असतो. संगणक चंद्रगुप्त खेळवतो तेव्हाही तो शेजाऱ्यांवर डोळा ठेवतो आणि दूरच्यांशी गोडीने वागतो.

अख्ख्या समाजाला असं एखाद्या वाटेशी जोडण्याला आक्षेपही आले आहेत, आणि ते गांभीर्याने घ्यायला हवेत. ‘राइज अँड फॉल’मध्ये कॅनडातल्या क्री लोकांचे नेते पाउंडमेकर आहेत. १८८५ च्या संघर्षानंतर त्यांना देशद्रोही ठरवून तुरुंगात टाकलं गेलं. कॅनडा सरकारने त्यांना निर्दोष ठरवलं ते २०१९ मध्ये. त्यांच्याच समाजाचे एक नेते मिल्टन टुटूसिस यांनी २०१८ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली होती: इतरांची भूमी जिंकणं ही वसाहतवाद्यांची धारणा आमच्या पूर्वजांच्या माथी का मारता? पाउंडमेकरना खेळात व्यापार आणि मैत्रीचे बोनस दिले आहेत. तरी साम्राज्य वाढवण्याच्या पटावर त्यांना उभं केलं गेलं, हा मूळ मुद्दा उरतोच.

२०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागात नेता आणि राष्ट्र यांची गाठच सोडवली आहे. पूर्ण डाव तीन युगांचा असतो आणि प्रत्येक युगात नवं राष्ट्र निवडता येतं. अशोकाला घेऊन मौर्य, मग चोळ, मग मुघल असा प्रवास त्यात करता येतो.